पडलेल्या घराची गिट्टी

जुनं घर पाडायला काढलं की खान्देशात त्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू कुणीतरी विकत नेतं. सागवानी दारं-चौकटींना जुन्या लाकडाचा व्यापारी लगेच मिळतो. खिडक्यांचे गज आणि स्लॅबची सळई भंगारवाला किलोवर उचलतो. अख्ख्या निघालेल्या विटा बायका बसून साफ करतात आणि त्या कुणाच्या तरी कंपाउंडला लागतात. उरतं ते काँक्रीट. त्याला गिऱ्हाईक नसतं. उलट ते उचलून न्यायला घरमालकच डंपरमागे पैसे मोजतो, आणि डंपर कुठे रिकामा झाला हे कुणी विचारत नाही.

हे काँक्रीट फोडून, चाळून त्याची गिट्टी नव्या काँक्रीटमध्ये वापरायला हवी आणि सुरुवात सरकारी कामांनी करायला हवी, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी लागणारं मानक आहे, नियम आहेत, गिट्टी फोडणारी यंत्रं तर प्रत्येक तालुक्याच्या वेशीवर आहेत. अडतं ते दोन ठिकाणी. पाडतानाच माल वेगळा काढला जात नाही, आणि अंदाजपत्रकात या गिट्टीला जागा नाही.

आधी हा माल किती असतो ते पाहू. हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा साधा स्लॅब घ्या. त्यात सुमारे 12 घनमीटर काँक्रीट असतं, म्हणजे 28 टन वजन. आपल्या भाषेत चार ब्रासच्या (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) थोडं वर. फोडल्यावर मध्ये पोकळी राहते, त्यामुळे तोच माल सहा ब्रास भरतो. हा फक्त स्लॅब झाला. कॉलम, बीम, पायऱ्या, पाण्याची टाकी अजून धरलेली नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर इथल्या कॉलन्यांमध्ये जी घरं उठली, ती आता एकामागून एक पाडून तिथे अपार्टमेंट उभी राहत आहेत. रस्ता रुंद करताना दुकानांच्या पुढच्या भिंती पडतात, जुन्या शाळाखोल्या पडतात, पाण्याच्या टाक्या पडतात. ही पहिली काँक्रीटची पिढी आहे. तिच्यानंतरची पिढी कितीतरी मोठी आहे आणि तीही कधीतरी पडणारच आहे.

आज हा माल जातो नाल्याच्या काठावर, नदीच्या पात्रात, हायवेच्या कडेला, नाहीतर एखाद्या पडीक प्लॉटमध्ये. आपल्या नद्या वर्षातले आठ-नऊ महिने कोरड्या दिसतात, म्हणून पात्र म्हणजे मोकळी जागा असा समज झालेला आहे. तो किती महाग पडतो हे पांझरा, तितूर, डोंगरी या नद्यांच्या काठी राहणाऱ्यांना सांगायला नको. 31 ऑगस्ट 2021 ला तितूर आणि डोंगरीचं पाणी चाळीसगावच्या बाजारपेठेत शिरलं. तो पूर मलब्याने आला असा दावा मी करत नाही, पाऊसच तसा झाला होता. पण नाल्यात ओतलेला प्रत्येक डंपर पाण्याची वाट तेवढी अरुंद करतो, आणि ते पाणी ज्यांच्या घरात शिरतं त्यांनी तो डंपर ओतलेला नसतो. काळ्या जमिनीवर पडलेला मलबा तर शेतकऱ्याच्या नशिबी कायमचा येतो. कपाशीच्या वावरात एकदा काँक्रीटचे तुकडे मिसळले की नांगराचा फाळ दर हंगामात त्यांना अडतो.

खान्देशातल्या जुन्या घरांना ही अडचण कधीच नव्हती. धाब्याचं घर पडलं की त्याची माती पावसात भिजवून, तुडवून तीच पुन्हा भिंतीला चढायची. गावाच्या जुन्या पांढरीची माती बांधकामाला चांगली म्हणून लोक खणून न्यायचे, आणि ती पांढरी म्हणजे तरी काय, शेकडो वर्षांत पडलेल्या घरांचाच ढीग. छताचे लाकडी सर आणि कड्या एका वाड्यातून निघून दुसऱ्यात बसायच्या. चुन्याच्या बांधकामात सुरखी घालत, ती भाजलेल्या विटांचीच भुकटी. पडलेलं पुन्हा उभं करायचं हा आपल्या गवंडीकामाचा रिवाजच होता. सिमेंट आलं आणि तो मोडला, कारण सिमेंट एकदा घट्ट झालं की भिजवून मऊ होत नाही. ते फोडावं लागतं. फोडायची यंत्रं तेव्हा हाताशी नव्हती, आज आहेत.

या गिट्टीचं नाव काढलं की गवंडी आणि ठेकेदार दोघंही मान हलवतात. एका जुन्या जाणत्या मिस्तरींनी मला अहिराणीत सुनावलं होतं, "दादा, पडेल घरनी गिट्टी नवा घरले लावू नही." त्यात अपशकुनाची भीती थोडी आणि अनुभवाची शंका जास्त होती. ती शंका झटकून टाकण्यासारखी नाही, म्हणून तिचं उत्तर सविस्तर द्यायला हवं.

तुटलेल्या स्लॅबचा अंड्याएवढा तुकडा हातात घेऊन बघा. मधे काळा कुळकुळीत बसाल्ट दिसतो, धार तशीच, चमक तशीच. त्याच्या अंगाला राखाडी मसाल्याचं कवच चिकटलेलं असतं, कुठे पातळ, कुठे बोटभर. तो तुकडा पाण्याच्या बादलीत टाका. कवचातून बारीक बुडबुडे निघत राहतात. नवी गिट्टी टाकली तर असं फारसं होत नाही. सगळा प्रश्न या बुडबुड्यांत आहे. आतला दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, चाळीस वर्षं स्लॅबमध्ये राहून त्याचं काही बिघडलेलं नसतं. बाहेरचं कवच मात्र सच्छिद्र असतं, ते पाणी पितं. आपली ताजी काळी गिट्टी वजनाच्या एक-दीड टक्क्याच्या आसपास पाणी शोषते, जुन्या काँक्रीटची गिट्टी सहज चार-पाच टक्के, कधी त्याहून जास्त. मिक्सरमध्ये ही गिट्टी कोरडी टाकली की ती मसाल्यातलं पाणी ओढून घेते, माल लगेच घट्ट होतो, मग मजूर वरून पाणी मारतो आणि ताकद तिथे जाते. मिस्तरींचा अनुभव खोटा नाही. त्याचं कारण मात्र पाण्याच्या हिशेबात आहे.

भारतीय मानक ब्यूरोने 2016 मध्ये आयएस 383 हे गिट्टी-वाळूचं मानक सुधारलं तेव्हा नेमकं हे लक्षात घेतलं. जुनं काँक्रीट फोडून केलेली जाड गिट्टी साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत आणि सळईच्या काँक्रीटमध्ये 20 टक्क्यांपर्यंत चालते, तीही एम-25 ग्रेडपर्यंतच (एमपुढचा आकडा काँक्रीटची ताकद सांगतो). पायाखालच्या पीसीसीसारख्या, म्हणजे सळई नसलेल्या, एम-15 पेक्षा कमी ग्रेडच्या कामात मात्र पूर्ण 100 टक्के चालते. गिट्टीचं पाणीशोषण साधारणपणे 5 टक्क्यांच्या आत असावं लागतं. या गिट्टीला 10 टक्क्यांपर्यंत मुभा आहे, पण ती आधी भिजवून घेण्याच्या अटीवर. विटा-मसाला मिसळलेल्या मलब्याची गिट्टी सळईच्या कामात चालतच नाही, ती फक्त या एम-15 पेक्षा कमी ग्रेडच्या पीसीसीला. इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना ‘हे कुणी मान्य केलंय?’ असा प्रश्न आजही साइटवर ऐकू येतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

20 टक्के हा आकडा लहान वाटेल. आपला स्लॅब पुन्हा घेऊ. 28 टन काँक्रीट फोडलं की साधारण निम्मा माल जाड गिट्टी म्हणून हाताशी येतो, बाकी बारीक. म्हणजे 14-15 टन. नव्या काँक्रीटच्या एका घनमीटरला 1,100 ते 1,200 किलो जाड गिट्टी लागते, तिचे 20 टक्के म्हणजे 220 ते 240 किलो. या हिशेबाने एका पडलेल्या स्लॅबची गिट्टी साठेक घनमीटर नव्या काँक्रीटमध्ये, म्हणजे तसल्याच पाच नव्या स्लॅबांत मुरते. पीसीसीला वापरली तर बारा-तेरा घनमीटरमध्येच संपते. एका घराचा माल त्याच घरात जिरत नाही. तो गावभर वाटला जायला हवा, आणि म्हणूनच हे एकट्या घरमालकाचं काम नाही.

उन्हाचा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. दिल्लीत किंवा युरोपात जे जमलं ते मे महिन्यातल्या भुसावळात जमेल का? पारा 45 च्या वर, गिट्टीच्या ढिगाला हात लावता येत नाही, आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा. अशात गिट्टी भिजवायची म्हणजे थट्टा वाटते. पण 20 टक्के गिट्टी भिजवायला लागणारं पाणी फार नाही. सव्वादोनशे किलो गिट्टी पाच टक्के शोषते असं धरलं तर घनमीटरला अकरा-बारा लिटर. एका घनमीटर काँक्रीटच्या क्युरिंगला आपण याच्या कितीतरी पट पाणी ओततो. ढीग सावलीत ठेवणं, आदल्या संध्याकाळी पाणी मारून ओल्या गोणपाटाखाली झाकणं आणि सकाळी लवकर माल टाकणं एवढी शिस्त हवी. ही शिस्त आपल्या उन्हात नव्या गिट्टीलाही लागतेच. जी साइट ती पाळू शकत नाही तिने सळईच्या कामात ही गिट्टी वापरू नये, हे मी स्पष्ट सांगतो.

दुसरी गोष्ट पीओपीची. हल्ली प्रत्येक घरात फॉल्स सीलिंग असतं. ते जिप्सम मलब्यात मिसळलं तर त्यातलं सल्फेट सिमेंटशी झगडतं आणि काँक्रीट फुगून तडकू शकतं. फरशीचे तुकडे, लाकडाचा भुसा, प्लास्टिकची पाइपं, रंगाचे पापुद्रे, सगळंच नको असतं. एकदा हे सगळं बुलडोझरखाली एक झालं की कुठलंही यंत्र ते पूर्ण वेगळं करू शकत नाही. त्यामुळे या गिट्टीचा दर्जा क्रशरवर ठरत नाही. जेसीबी पहिला दात लावतो त्याच्या आदल्या दिवशीच तो ठरून जातो. आधी पीओपी आणि वायरिंग काढायचं, मग दारं-खिडक्या, मग विटांच्या भिंती, आणि शेवटी स्लॅब, बीम, कॉलम वेगळा ढीग करून. असं केलं तर दोन दिवस जास्त लागतात. पाडणारा ठेकेदार ते दोन दिवस का घालवेल? त्याला वेगळ्या काढलेल्या काँक्रीटचा दर मिळाला तरच घालवेल. सळईचा दर मिळतो म्हणून त्याचीच माणसं भर उन्हात घण घालून काँक्रीटमधून सळई सोडवतात, ती सरळ करतात, जाडीप्रमाणे लावतात. माल वेगळा करायचं कसब त्यांच्या हातात आहेच.

खान्देशात एक वेगळाच युक्तिवाद ऐकायला मिळतो आणि त्यात तथ्य आहे. आपल्याकडे दगडाचा तुटवडा कुठे आहे? दिल्लीला गिट्टी लांबून आणावी लागते, आपण तर बसाल्टवरच बसलोय. धुळे-नंदुरबार भागात जमिनीतून भिंतीसारखे वर आलेले डाइक मैलोन्‌मैल दिसतात, सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या रांगा दोन्हीकडे उभ्या आहेत. दगड संपेल म्हणून जुनं काँक्रीट वापरा असं मी म्हणणार नाही. सिमेंट वाचतं असंही म्हणणार नाही. उलट निष्काळजीपणे जास्त गिट्टी घातली तर ताकद राखायला सिमेंट वाढवावं लागतं, आणि काँक्रीटमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनातला मोठा वाटा सिमेंटचाच असल्याने सगळा फायदा तिथेच बुडतो. म्हणून मानकाने घातलेली मर्यादा पाळायची.

दगड आहे, पण टेकडी परत येत नाही. मुरमासाठी आणि गिट्टीसाठी गावोगावच्या टेकड्या अर्ध्या कापलेल्या उभ्या आहेत, जणू कुणी भाकरी तोडून ठेवावी. क्रशरच्या आसपासच्या शेतात कापसाच्या बोंडावर धूळ बसते. खाणीतले खड्डे पावसात भरतात आणि त्यात पोरं बुडतात. एकीकडे हे, दुसरीकडे शहरातून निघालेला दगड नदीत. दोन्ही नुकसानं एकाच व्यवहाराची आहेत. त्यातलं काही टक्के जरी थांबत असेल तर थांबवायला हवं, त्यासाठी टंचाईची वाट बघायची गरज नाही.

नियमांचं काय? बांधकाम आणि पाडकाम कचऱ्याचे केंद्राचे नियम 29 मार्च 2016 चे. दिवसाला 20 टन किंवा महिन्याला 300 टनांवर मलबा काढणाऱ्याने काँक्रीट, माती, लाकूड-प्लास्टिक-स्टील आणि विटा-मसाला असे चार ढीग वेगळे करायचे, असं त्यात सांगितलं. सरकारी आणि महापालिकेच्या कामांत 10 ते 20 टक्के माल या कचऱ्यापासून केलेला असावा, असंही सांगितलं. आपला एक स्लॅब एका दिवसात हलवला तरी 20 टनांची मर्यादा ओलांडली जाते, म्हणजे नियम सामान्य घरापर्यंत पोचत होता. 2025 मध्ये काढलेले आणि 1 एप्रिल 2026 पासूनचे नवे नियम उत्पादकाच्या, म्हणजे बांधकाम करणाऱ्याच्या, जबाबदारीवर भर देतात, पण ती 20,000 चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामांसाठी. अमळनेर, शहादा, दोंडाईचा, चोपड्यात एवढं बांधकाम किती वेळा होतं? मोठ्या शहरांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेला नियम आपल्या गावांना फारसा शिवणार नाही. इथे जे करायचं ते नगरपालिका, महापालिका आणि सार्वजनिक बांधकाम विभागालाच करावं लागेल.

त्यांनी मोठा प्रकल्प मात्र उभारू नये, असं मला कळकळीने सांगायचंय. दिल्लीत बुराडीला 2009 मध्ये मलबा प्रक्रिया केंद्र सुरू झालं, ते दिल्लीएवढ्या शहराच्या मालावर चालतं. जळगाव किंवा धुळ्याने तसलं यंत्र आणलं तर ते वर्षातले बरेच दिवस बंद राहील, आणि बंद यंत्राच्या देखभालीचं बिल निघत राहील. आपल्याकडे जॉ क्रशर, म्हणजे गिट्टी फोडणारी यंत्रं, गल्लोगल्ली नाहीत, पण प्रत्येक शहरापासून दहा-पंधरा किलोमीटरवर नक्की आहेत. महापालिकेने त्यातला एक ठरवून द्यावा, तिथे लोखंड ओढणारा चुंबक आणि एक जास्तीची चाळणी बसवावी, आणि ठराविक दिवशी फक्त काँक्रीटचा मलबा फोडावा. शहरात दोन जागा ठरवाव्यात जिथे वेगळं केलेलं काँक्रीट फुकट घेतलं जाईल आणि मिसळलेल्या मलब्याला पैसे पडतील. एवढ्या फरकाने ठेकेदाराचं वागणं बदलतं.

वाहतुकीची एक बाब कुणी बोलत नाही. गिट्टी आणि वाळू गौण खनिज, त्यामुळे रस्त्यात महसूल खातं गाडी अडवतं, स्वामित्वधनाची पावती मागतं. ते बरोबरच आहे, गिरणा नदीतल्या वाळूचा जो बेसुमार उपसा झाला तो पाहता तपासणी हवीच. पण मलब्याची गिट्टी खाणीतून निघालेली नसते. तिच्यासाठी वेगळा, साधा वाहतूक पास जिल्हाधिकाऱ्यांनी ठरवून दिला नाही, तर पहिल्याच डंपरला दंड होईल आणि दुसरा डंपर निघणार नाही. आणि तोच पास सैल ठेवला तर त्याच्या आडून खाणीची गिट्टी पळेल. म्हणून तो महापालिकेच्या संकलन केंद्रावरूनच, वजनासह निघावा.

या सगळ्याच्या आधी दरसूची, म्हणजे सरकारी कामांच्या बाबी आणि त्यांचे दर ठरवणारी यादी. शाखा अभियंत्याला कितीही पटलं तरी दरसूचीत नसलेली बाब तो अंदाजपत्रकात घालत नाही, कारण उद्या लेखापरीक्षणात आक्षेप त्याच्या नावावर निघतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ‘पुनर्वापरित गिट्टीचं पीसीसी’ ही एक बाब दरासह दरसूचीत आली की निविदेत येईल, निविदेत आली की क्रशरवाला माल ठेवेल. रस्त्यांसाठी तर इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी 121 ही मार्गदर्शिका 2017 पासून आहे. बारीक उरलेला माल आणि विटांचा चुरा यांना त्यात जागा मिळते. काळ्या मातीतले पाणंद रस्ते पावसाळ्यात बैलगाडीचं चाक गिळतात. केळीच्या वेळी यावल-रावेरकडच्या शेतकऱ्याला ट्रॅक्टर बाहेर काढता येत नाही. अशा रस्त्यांच्या खालच्या थरासाठी डोंगरातून नवा मुरूम खणण्याआधी शहरातला मलबा तपासून वापरणं मला जास्त न्यायाचं वाटतं.

हे होणार नाही असं म्हणणाऱ्यांना मी भुसावळजवळच्या दीपनगरकडे बोट दाखवतो. तिथल्या औष्णिक वीज केंद्राची राख हा एके काळी निव्वळ उपद्रव होता. 1999 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली, वीज केंद्रांच्या आसपासच्या वीटउत्पादकांना आणि पुढच्या दुरुस्त्यांत बांधकामांनाही राख वापरणं बंधनकारक केलं. राखेच्या विटांना सुरुवातीला लोक नाक मुरडत. आज भुसावळ-जळगाव पट्ट्यात ती वीट नव्या इमारतींत सर्रास दिसते, आणि राखेची वाहतूक हा धंदा झालाय. क्रश सँडचंही, म्हणजे दगड दळून केलेल्या वाळूचंही, तेच झालं. मिस्तरी म्हणायचे प्लॅस्टर धरणार नाही, आता मागून घेतात. दोन्ही वेळा माल बदलण्याआधी सरकारी कामांनी आणि दरसूचीने वाट करून दिली होती.

सुरुवात गटारींपासून व्हावी. येत्या वर्षी जळगाव, धुळे महापालिकेच्या आणि जिल्ह्यातल्या नगरपालिकांच्या गटारींचं, पेव्हर ब्लॉकखालचं आणि कंपाउंड वॉलच्या पायाचं सगळं पीसीसी या गिट्टीत करावं. तिथे सळई नाही, एम-15 पेक्षा कमी ग्रेडला 100 टक्क्यांची मानकाची परवानगी आहे, आणि काही चुकलं तर कुणाच्या डोक्यावर पडणार नाही. क्यूब, म्हणजे काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे, तपासायला जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि दोन्ही शहरांतली तंत्रनिकेतनं आहेत. सात आणि अठ्ठावीस दिवसांचे निकाल कामाच्या फलकावर, ठेकेदाराच्या नावाखाली लिहावेत, म्हणजे रस्त्याने जाणारा मिस्तरी ते वाचेल. दोन पावसाळे त्या गटारींवरून गेले की मग स्लॅबमधल्या 20 टक्क्यांबद्दल त्या मिस्तरींशी पुन्हा बोलता येईल.